ऑस्ट्रेलियातील आदिवासी व तुरुंगवासाची आकडेवारी

ऑस्ट्रेलियन सांख्यिकी विभाग दरवर्षी 30 जूनच्या रात्री तुरुंगांत असलेल्या कैद्यांची गणना प्रसिद्ध करतो. अ‍ॅबोरिजिनल व टोरेस सामुद्रधुनी बेटवासी देशाच्या लोकसंख्येत 4 टक्क्यांहूनही कमी आहेत. कैद्यांमध्ये मात्र ते सुमारे एक-तृतीयांश भरतात. कोठडीतील 99 आदिवासींच्या मृत्यूंचा तपास करणाऱ्या शाही आयोगाने 1991 मध्ये 339 शिफारशी केल्या, तेव्हा हे प्रमाण साधारण 14 टक्के होते. म्हणजे अहवालानंतर ते दुपटीहून अधिक झाले.

हे आकडे जपून वाचावे लागतात. आदिवासी कैद्यांची सरासरी शिक्षा इतरांपेक्षा कमी मुदतीची असते. ही न्यायालयाची सवलत नव्हे. किरकोळ गुन्ह्यांसाठीही त्यांना अधिक वेळा तुरुंगात धाडले जाते, हे त्यामागचे एक कारण आहे. या गणनेत जामीन न मिळालेले कच्चे कैदीही पुष्कळ असतात. किरकोळ गुन्ह्यासाठीच्या तुरुंगवासाचे एक उदाहरण पाहा: नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात 1997 ते 2001 या काळात मालमत्तेच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा सक्तीची होती. तिसऱ्या गुन्ह्याला एक वर्ष कैद असल्याने तेथील ग्रूट आयलंड बेटावरच्या एका आदिवासी तरुणाला बिस्किटे व सरबताच्या चोरीसाठी वर्षभराचा तुरुंगवास झाला.