मोसंबीच्या पानावरचा पाहुणा

जालन्याच्या मोसंबीबागेत कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा दिसली, तर वाकून पाहा. कदाचित ती चालू लागेल! ती अळी होय. पुढे ती हिरवी होते आणि कोशातून काळे-पिवळे फुलपाखरू निघते. लिनीअसने १७५८ साली त्याचे बारसे केले.

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. सखाराम अर्जुन आणि कर्नल स्विन्हो होते. स्विन्होने १८८५ साली मुंबई व दख्खनच्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर निबंध छापला.

संग्राहकाने पंख ओळखले. बागवानाने पाने खाणारी अळी. दोन्ही ओळखी अर्ध्याच. अंगणातल्या कढीलिंबावरही ही अळी सापडते. या उन्हाळ्यात मुलांसह एक पाळून पाहा. ओळख पुरी होईल.