यशाचें मोल : ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासांतील एक प्रश्न

मराठींत ‘चुरस’, ‘ईर्षा’ आणि ‘अहमहमिका’ हे तीन शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें योजले जातात. परंतु त्यांच्या छटा निराळ्या आहेत. चुरस दोघांमध्यें असते; प्रतिपक्ष तुल्यबळ नसेल तर ती संभवतच नाहीं. ईर्षा एकाच्या मनांत असते, आणि ती योग्य मार्गानें गेली तर पराक्रमाला जन्म देते. अहमहमिका मात्र ‘मी पुढें, मी पुढें’ असें म्हणत इतर सर्वांना विसरते. खेळांतील यशाकडे खेळाडूनें कोणत्या वृत्तीनें पाहावें, हा प्रश्न या तीन शब्दांमधील अंतराचाच प्रश्न आहे. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां एखाद्या खेळाच्या इतिहासांत शोधणें बरें, असें आम्हांस वाटतें. आणि त्यासाठीं आम्ही ऑस्ट्रेलियांतील फुटबॉलचा इतिहास निवडला आहे.

मेलबर्नचें क्रिकेट मैदान आमच्या वाचकांना निदान ऐकून ठाऊक असतें. परंतु त्याच मैदानावर हिवाळ्यांत जो खेळ चालतो, आणि ज्याचा अंतिम सामना पाहण्यास लाखाच्या घरांत माणसें जमतात, त्याचा परिचय आपल्याकडे फारसा नाहीं. वास्तविक या खेळाचा जन्म क्रिकेटच्याच पोटीं झाला. टॉम विल्स हा इंग्लंडांतील रग्बी शाळेंत शिकून आलेला नामांकित क्रिकेटपटु. १० जुलै १८५८ रोजीं मेलबर्नच्या एका क्रीडाविषयक पत्रांत त्याचें पत्र प्रसिद्ध झालें. हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं अंगें जड होऊं नयेत म्हणून त्यांनीं फुटबॉलचा क्लब काढावा, अशी त्यांत सूचना होती. पुढच्याच महिन्यांत, ७ ऑगस्ट रोजीं, स्कॉच कॉलेज व मेलबर्न ग्रामर स्कूल या दोन शाळांमध्यें एक सामना सुरू झाला. प्रत्येक बाजूला चाळीस खेळाडू होते. त्या दिवशीं निकाल लागला नाहीं. पुढें आणखी दोन दिवस खेळावें लागलें, आणि अखेर दोन्ही बाजूंचा एकेक गोल होऊन सामना बरोबरींत सुटला. मे १८५९ मध्यें विल्स व त्याचे सहकारी यांनीं खेळाचे दहा नियम कागदावर उतरविले. ज्या खेळाचा मूळ हेतु शरीर सुदृढ राखणें एवढाच होता, आणि ज्याच्या पहिल्या गाजलेल्या सामन्यांत कोणीच जिंकलें नाहीं, त्याच खेळांत पुढें जिंकण्यासाठीं काय काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

खेळाची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मैदान लंबवर्तुळाकार असतें. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानावर उतरतात. दोन्ही टोकांस चार चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायानें मारून पार केला तर गोल, म्हणजे सहा गुण. नेम थोडा चुकून चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. या चुकलेल्या नेमाला ‘बिहाइंड’ म्हणतात. पूर्वीं निकालांत त्याची किंमत शून्य होती. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही संस्था १८९६ सालीं स्थापन झाली आणि १८९७ च्या तिच्या पहिल्या मोसमापासून त्यालाही एक गुण मिळूं लागला. अपयशी प्रयत्नालासुद्धां कांहीं मोल असतें, हें तत्त्व अशा रीतीनें या खेळाच्या हिशेबांतच शिरलें.

आरंभींचे बहुतेक क्लब मेलबर्नच्या निरनिराळ्या उपनगरांचे होते. खेळाडू त्याच वस्तींत राही, तेथल्याच कारखान्यांत अथवा दुकानांत काम करी, आणि शनिवारीं आपल्या शेजाऱ्यांच्या देखत खेळे. त्यामुळें यश हें वस्तीचें यश असे व अपयशही वस्तीच वांटून घेई. सेंट किल्डा या क्लबाचें उदाहरण घ्या. लीगच्या पहिल्या तीन मोसमांत त्यानें एकही सामना जिंकला नाहीं. सलग ४८ पराभव त्याच्या नांवावर आहेत. तरीही क्लब मोडला नाहीं. त्याला पहिलें आणि आजतागायतचें एकमेव विजेतेपद मिळालें तें १९६६ सालीं. त्या अंतिम सामन्यांत सेंट किल्डा व कॉलिंगवुड या दोघांचेही दहा दहा गोल झाले होते. शेवटच्या क्षणीं बॅरी ब्रीन यानें मारलेला चेंडू बाजूच्या खांबांतून गेला, आणि त्या एका गुणानें सामना जिंकला गेला. एका चुकलेल्या नेमावर एका क्लबाचें सर्व वैभव उभें आहे!

याच्या उलट चित्र युनिव्हर्सिटी या क्लबाचें आहे. तो १९०८ सालीं लीगमध्यें आला. त्याचे खेळाडू विद्यापीठांतले. ते खेळण्याबद्दल पैसे घेत नसत. १९११ पासून लीगनें खेळाडूंना पैसे देण्यास उघड मोकळीक दिली, आणि निर्धन निष्ठेची व द्रव्यबळाची गांठ पडली. युनिव्हर्सिटी क्लब आपले शेवटचे ५१ सामने सलग हरला व १९१४ च्या मोसमानंतर लीगमधून बाहेर पडला. त्या तरुणांच्या वृत्तीविषयीं आम्हांस आदर वाटतो. परंतु जेथें एका बाजूला जिंकण्याचा संभवच उरत नाहीं तेथें चुरस नाहींशी होते, आणि खेळणाऱ्या दोघांच्याही हातीं कांहीं लागत नाहीं, हेंही त्या इतिहासावरून मान्य करावें लागतें.

पैसा आला तरी त्याला मर्यादा घालतां येते, हें कॉलिंगवुडनें दाखविलें. हें मेलबर्नमधील कष्टकऱ्यांचें उपनगर. जॉक मॅकहेल हे १९१२ पासून १९४९ पर्यंत या क्लबाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांच्या कारकीर्दींत क्लबानें आठ विजेतेपदें मिळविलीं. त्यांपैकीं १९२७ ते १९३० हीं चार लागोपाठचीं. ही कामगिरी अद्याप कोणास साधलेली नाहीं. नामवंत असो वा नवखा असो, प्रत्येक खेळाडूस सारखेंच मानधन, असा या क्लबाचा दंडक होता. संघांत अहमहमिका माजूं द्यावयाची नाहीं व सारी ईर्षा प्रतिपक्षाकडे वळवावयाची, हें त्यांतील मर्म.

याच काळांत, १९२४ सालीं, लीगनें ब्राउनलो पदक सुरू केलें. तें मोसमांतील ‘सर्वांत सभ्य व सर्वांत उत्तम’ खेळाडूस मिळतें. मतें सामन्याचे पंच देतात. आणि त्या मोसमांत गैरवर्तनाबद्दल निलंबित झालेला खेळाडू पदकास अपात्र ठरतो. सभ्यता हा शब्द उत्तमतेच्या आधीं आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. १९९७ सालीं ख्रिस ग्रँट याला सर्वांहून अधिक, म्हणजे २७ मतें पडलीं. परंतु एका सामन्यापुरतें निलंबन झालेलें असल्यामुळें पदक २६ मतें मिळविणाऱ्या रॉबर्ट हार्वे याला देण्यांत आलें. हा न्याय कठोर होता, कित्येकांना अन्यायही वाटला. परंतु त्या कठोरपणाशिवाय ‘सभ्य’ या शब्दाला अर्थ उरला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारें बदलूं लागलें. रॉन बरासी याचे वडील मेलबर्न क्लबाचे खेळाडू. ते १९४१ सालीं टोब्रुक येथें युद्धांत कामास आले. वडिलांचे सहकारी नॉर्म स्मिथ यांनीं पुढें त्या मुलाला आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि स्मिथ प्रशिक्षक असतां बरासीनें मेलबर्नकडून सहा विजेतेपदांत भाग घेतला. असा हा घरचा मुलगा १९६४ नंतर प्रतिस्पर्धी कार्लटन क्लबाकडे गेला, तेव्हां मेलबर्नच्या चाहत्यांना जबर धक्का बसला. खेळाडू हा वस्तीचा नसून आपल्या कौशल्याचा धनी आहे, ही नवी जाणीव त्यांत होती. १९७० च्या अंतिम सामन्यांत १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटन मध्यंतरास ४४ गुणांनीं मागें होतें; बरासीच्या मार्गदर्शनाखालीं तें दहा गुणांनीं जिंकलें. पुढें १९७५ च्या अंतिम सामन्यांत त्याच बरासीच्या नॉर्थ मेलबर्नसमोर हॉथॉर्नची घसरण होत असतां प्रशिक्षक जॉन केनेडी यांनीं आपल्या खेळाडूंना जें कळकळीनें सांगितलें, तें त्या देशांत अजून स्मरलें जातें. विचार करीत बसूं नका, आशा धरून बसूं नका, कांहीं तरी करा, असा त्याचा आशय होता. हॉथॉर्न ५५ गुणांनीं हरलें. हरलेल्या सामन्यांतलें हें भाषण विजयाच्या असंख्य भाषणांहून अधिक टिकलें, याचें कारण त्यांत विजयाचें आश्वासन नव्हतें, प्रयत्नाची मागणी होती.

पुढें स्पर्धा साऱ्या देशभर पसरली. १९८२ सालीं साउथ मेलबर्न क्लब सिडनीस गेला. १९९० सालीं लीगचें नांवच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असें झालें. आज तींत अठरा क्लब आहेत. श्रीमंत क्लबांनीं दुर्बळांना गिळूं नये म्हणून १९८६ सालीं नवोदित खेळाडूंची वांटणी क्रमानें करण्याची पद्धत सुरू झाली. तींत तळाशीं राहिलेल्या क्लबाला प्रथम निवड मिळते. १९८७ पासून प्रत्येक क्लबाच्या एकूण वेतनावरही मर्यादा आली. चुरस टिकविण्यासाठीं प्रतिपक्षही सबळ राहिला पाहिजे, ही या व्यवस्थेची भूमिका आम्हांस शहाणपणाची वाटते.

परंतु यशाची हांव नियमांतूनही वाट काढते. हरणाऱ्यास चांगला खेळाडू मिळतो असें ठरल्यावर हरण्यांतच लाभ पाहण्याचा मोह उत्पन्न झाला. २००९ च्या मोसमांतील मेलबर्न क्लबाच्या वर्तनाची चौकशी झाली. क्लब मुद्दाम हरला असें सिद्ध झालें नसल्याचें लीगनें सांगितलें, तरी २०१३ सालीं त्याला पांच लाख डॉलर दंड झाला व दोघां अधिकाऱ्यांना निलंबित करण्यांत आलें. त्याच वर्षीं एसेंडन क्लबांतील औषधप्रयोगांचें प्रकरण गाजत होतें. ‘वाटेल तें करूं’ अशा अर्थाचें ब्रीद त्या मोसमांत या क्लबानें मिरविलें होतें! जानेवारी २०१६ मध्यें आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानें २०१२ सालच्या प्रयोगांबद्दल त्याच्या ३४ आजी व माजी खेळाडूंना दोषी ठरविलें. जोब वॉटसन याला २०१२ चें ब्राउनलो पदक गमवावें लागलें. वरिष्ठांनीं आखलेल्या कार्यक्रमाचें प्रायश्चित्त तरुण खेळाडूंना भोगावें लागलें, ही या प्रकरणांतील सर्वांत दुःखद गोष्ट होय.

आतां आजच्या खेळाडूकडे वळूं. त्याचें प्रत्येक पाऊल मोजलें जातें, प्रत्येक चुकीची चर्चा देशभर होते, आणि अठराव्या वर्षीं त्याची किंमत जाहीर होते. टॉम बॉइड हा २०१३ च्या वांटणींत सर्वप्रथम निवडला गेला. वर्षभरांतच वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबानें त्याच्याशीं सात वर्षांचा मोठा करार केला. या क्लबाला १९५४ नंतर विजेतेपद मिळालें नव्हतें. २०१६ च्या अंतिम सामन्यांत तें मिळालें, आणि त्यांत बॉइडचे तीन गोल होते. जगाच्या दृष्टीनें याहून मोठें यश तें कोणतें? परंतु चिंता, निद्रानाश व नैराश्य यांनीं त्याला ग्रासलें होतें. २०१९ सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, उरलेला करार सोडून तो खेळांतून निवृत्त झाला, आणि पुढें आपल्या मनःस्थितीविषयीं मोकळेपणानें बोलला. पूर्वींच्या पिढीनें याला दुबळेपणा म्हटलें असतें. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. विजेतेपद मिळाल्यानेंही जें दुःख शमत नाहीं, तें अधिक विजयांनीं शमेल असें मानणें हाच भ्रम आहे. आणि तो भ्रम त्यानें ओळखला.

रिचमंड क्लबानें हाच धडा निराळ्या वाटेनें घेतला. २०१६ सालीं तो तेराव्या क्रमांकावर होता, आणि त्याचें शेवटचें विजेतेपद १९८० चें. पुढील मोसमाच्या तयारींत खेळाडूंनीं एकमेकांसमोर बसून आपला आदर्श कोण, आपल्यावर ओढवलेला कठीण प्रसंग कोणता व आनंदाचा क्षण कोणता, हें सांगण्याचा प्रघात पाडला. आपल्या उणिवा सोबत्यांसमोर उघड करणें हें बळाचें लक्षण मानलें गेलें. २०१७ सालीं हाच संघ विजेता ठरला, आणि २०१९ व २०२० सालींही. यश केवळ या एका कारणानें आलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मोकळेपणानें जिंकण्याची ईर्षा बोथट होते, ही समजूत मात्र त्यानें खोटी ठरली.

बुलडॉग्जच्या २०१६ च्या विजयांतील एक प्रसंग सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळें अंतिम सामना खेळूं शकला नव्हता. विजेत्या प्रशिक्षकाला मॅकहेल यांच्याच नांवाचें पदक देतात. ल्यूक बेव्हरिज यांनीं तें स्वीकारलें, मर्फीला व्यासपीठावर बोलाविलें, आणि पदक त्याच्या गळ्यांत घातलें. सर्वांना सारखें मानधन देण्याच्या दंडकाशीं ज्यांचें नांव निगडित आहे, त्यांच्या नांवाच्या पदकाला याहून शोभेल असा दुसरा मान नसावा.

एक गोष्ट अखेर नोंदवावयाची आहे. २०१० सालीं कॉलिंगवुड व सेंट किल्डा पुन्हां अंतिम सामन्यांत समोरासमोर आले. लेनी हेझ यानें मारलेला चेंडू जमिनीवर आपटून भलतीकडे उसळला, स्टीफन मिल्नच्या हातीं न लागतां बाजूच्या खांबांतून गेला, आणि दोघांचे ६८ गुण झाले. पुढच्या आठवड्यांत सामना पुन्हां झाला व कॉलिंगवुड ५६ गुणांनीं जिंकलें. २०१६ पासून मात्र बरोबरी झाल्यास त्याच दिवशीं जादा वेळ खेळवून निकाल लावावयाचा, असें ठरलें आहे. व्यवस्थेच्या दृष्टीनें तें सोयीचें असेल; तरी निकालाविषयींची अधीरताही त्यांत दिसते. १८५८ मधील त्या शाळकरी मुलांना तीन दिवस खेळून बरोबरी चालली होती.

आमच्या घरांतूनही आज परीक्षेचे क्रमांक, शिष्यवृत्त्या व खेळांतील पदकें यांची चढाओढ वाढत आहे. मुलांनीं ईर्षा धरूं नये, असें कोणी सुज्ञ पालक म्हणणार नाहीं. युनिव्हर्सिटी क्लबाची कथा तें शिकवीत नाहीं. परंतु मूल घरीं परत येतें तेव्हां त्याला पहिला प्रश्न निकालाचा विचारावयाचा कीं प्रयत्नाचा, हें पालकांच्या हातीं आहे. बॉइडची हकीकत वाचल्यावर तो प्रश्न आम्हांस किरकोळ वाटत नाहीं.