क्लिप लावण्याआधी साल विचारा

दोन समाजांतला फरक शिकवायला वर्गात सिनेमाची क्लिप लावली की काम सोपं होतं. पण ती पुरावा कशाचा, हे आधी ठरवा. भामरागडचंच उदाहरण घ्या. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३ मध्ये, ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ हा सिनेमा आला २०१४ मध्ये. म्हणजे ही क्लिप १९७३ चे माडिया कसे होते ते सांगत नाही. २०१४ च्या प्रेक्षकाला ते कसे दाखवले गेले, एवढंच सांगते.

म्हणून क्लिप दोनदा लावा. आधी आवाज बंद: जे दिसतं तेवढंच लिहा. मग आवाजासह: कोण बोलतंय, कोणत्या भाषेत, कुणासाठी?

शेवटी उलटा प्रश्न विचारा: माडियांना हा बाहेरून आलेला डॉक्टर कसा वाटला असेल? याचं उत्तर पडद्यावर मिळणार नाही. त्यासाठी गावात जाऊन, माडिया भाषेतच ऐकावं लागेल. आणि लवकर जा. १९७३ साली जे विशीत होते, ते आता सत्तरीत आहेत. सिनेमा काय, नंतरही बघता येईल.