‘नाहीतर’ कोणाचे?

कोल्हापुरात पावसाळ्यात कोणत्याही घरात ऐकू येईल असे एक वाक्य घेऊ : ‘पाऊस थांबला तर, अभ्यास झाला असेल तर रंकाळ्यावर जा, नाहीतर घरी बस.’ यातले ‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’शी जोडायचे? अभ्यासाशी जोडले, तर पाऊस न थांबल्यास काय करायचे ते सांगितलेलेच नाही. पावसाशी जोडले, तर पाऊस थांबूनही अभ्यास राहिला असल्यास काय, हे कळत नाही. मुले मतलब ओळखतात. संगणक ओळखत नाही. म्हणून नवी संगणकभाषा रचणाऱ्याला व्याकरण आधी पक्के करावे लागते.

व्याकरणाच्या तासाला आपण वाक्यपृथक्करण करतो. संगणकात तेच काम ‘पार्सर’ नावाचा प्रोग्रॅम करतो. त्यासाठी नियम नेमके मांडण्याची रीत जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये सुचवली. पीटर नाउर यांनी ती सुधारून १९६० च्या ‘अल्गोल ६०’ भाषेच्या अहवालात वापरली. उदाहरणार्थ, ‘राशी म्हणजे एक पद, किंवा राशी + पद’ आणि ‘पद म्हणजे एक संख्या, किंवा पद × संख्या’. एवढ्या दोन नियमांनी २ + ३ × ४ चे उत्तर २० नव्हे, १४ हे ठरून जाते.

निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल भाषा प्रसिद्ध केली. तिचे व्याकरण इतके साधे ठेवले होते की पार्सर हातानेच लिहिता येई. ती निरनिराळ्या संगणकांवर नेण्यासाठी झुरिकला ‘पास्कल-पी’ हा कंपायलर तयार झाला. त्यावरील टिपणांच्या लेखकांत केशव नोरी होते. पुढे पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा समूहाच्या सॉफ्टवेअर संशोधन केंद्रात त्यांनी काम केले.

दुसरी वाट बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांच्या ‘याक’ची. १९७५ च्या अहवालात त्यांनी तिचे वर्णन केले. नियम लिहून दिले की हे साधन पार्सर स्वतः तयार करते. आणि नियम कोठे अडतात तेही दाखवते. आपले ‘नाहीतर’ तेथे हमखास पकडले जाते!

मात्र तोडगा माणसालाच निवडावा लागतो. पास्कलने ‘नाहीतर’ जवळच्या ‘तर’ला दिले. विर्थ यांनीच नंतर रचलेल्या मोड्युला-२ मध्ये प्रत्येक ‘जर’चा शेवट ‘एंड’ शब्दाने करणे सक्तीचे झाले, आणि शंकाच उरली नाही. साधन दोष दाखवते. भाषा कशी असावी हे ठरवत नाही. वरचे वाक्य वर्गात फळ्यावर लिहून पाहावे. दोन्ही अर्थ मुलेच शोधून काढतील.