मुदत हीच नोटीस?

शारजा औद्योगिक क्षेत्रात गाळा घेणारा मराठी माणूस मुंबईची सवय बरोबर नेतो: करार संपला की चावी परत. पण ही सवय कुठून आली, ठाऊक आहे? १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले, म्हणून मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे वळले. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या लायसन्सधारकांनाही कायद्याने भाडेकरू मानले. १९९९च्या कायद्याने वारे फिरवले: राहत्या जागेत मुदतीनंतर थांबलात, तर दुप्पट शुल्क. मुदत हीच जणू नोटीस झाली.

शारजात तसे नाही. २०२४च्या कायद्यानुसार भाडे भरून अटी पाळणाऱ्याला घरातून ३ आणि औद्योगिक जागेतून ५ वर्षे सहसा काढता येत नाही. तेव्हा निव्वळ कागदावरची तारीख पाहून यंत्रे उचलू नका.