जोड आणि जय : कुस्तीचा फड व कुस्तीचे चित्रपट

सन २०१६ मध्ये सुमारे सहा महिन्यांच्या अंतराने ‘सुलतान’ आणि ‘दंगल’ हे कुस्तीवरील दोन हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले, आणि दोन्हींना अपूर्व लोकाश्रय मिळाला. दोहोंचाही विषय वरवर पाहता एकच आहे : मल्लाला सर्वश्रेष्ठत्वाची लागलेली ओढ आणि त्या ओढीला घालावयाची नीतीची वेसण. आमच्या विद्यार्थ्यांची कुस्तीविषयीची कल्पना आता बहुतांशी अशा चित्रपटांवरूनच बनते. म्हणून या नीतीचा प्रकार कोणता, आणि आपल्याकडील मल्लविद्येच्या परंपरेत जी नीती आढळते तिच्याशी तो जुळतो काय, हे तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

आरंभ शब्दांपासून करू. ‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून आला. ‘कुस्ती’ फारसीतून आला, ‘वस्ताद’ही तिकडूनच. ‘तालीम’ हा तर अरबीतील शिक्षणवाचक शब्द. मराठीने व्यायामशाळेला शिक्षणाचेच नाव दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘दंगल’ या शब्दाची गंमत वेगळी. हिंदीत तो प्रामुख्याने कुस्त्यांच्या सामन्यांना लावतात. मराठीत मात्र दंगल म्हटले की प्रथम दंगाच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या सर्व शब्दांत नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा शब्द कोणता असेल, तर तो अगदी साधा आहे : ‘जोड’.

गावच्या जत्रेत फड भरतो तेव्हा कुस्तीपूर्वी जोड लावली जाते. हलगी वाजत असते, इच्छुक मल्ल फडातून फेरी मारतात, आणि जाणते पंच त्यांची वये, अंगलट व तयारी डोळ्यांनी तोलून दोघांचे हात एकमेकांत देतात. रेवड्या-नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हाच क्रम. विजोड कुस्ती लावली तर दोष हरणाऱ्याकडे जात नाही, जिंकणाऱ्याकडेही जात नाही. तो लावणाऱ्याकडे जातो. प्रेक्षक ओरडतात ते पंचांच्या नावाने.

ही समजूत आजकालची नव्हे. भागवताच्या दशम स्कंधात कंसाच्या मल्लरंगाचे वर्णन आहे. चाणूर आव्हान देतो तेव्हा कृष्णाचे उत्तर असे, की आम्ही आमच्या बरोबरीच्यांशी खेळू, म्हणजे मल्लसभेतील सभासदांना अधर्म शिवणार नाही. पुढे कुस्ती सुरू झाल्यावर मथुरेच्या स्त्रिया उघडपणे म्हणतात, की वज्रासारख्या देहाचे हे मल्ल कोठे आणि ही कोवळी मुले कोठे. जेथे असा अधर्म घडतो त्या सभेत थांबूही नये. अधर्म येथे मल्लांच्या मनात शोधलेला नाही. तो सभेच्या माथी आहे. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजा तृतीय सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे प्रकरण आहे. त्यातही मल्लांचे वर्ग पाडून त्यांच्या आहार-व्यायामाचा विचार केलेला आढळतो. राजाच्या करमणुकीचा विषय असूनही वर्गवारी आधी येते, हे विशेष होय.

आमच्या बार्शीचे ग्रामदैवत भगवंत. त्याची कथा अंबरीष राजाशी जोडलेली आहे, आणि द्वादशीच्या व्रतावरून, म्हणजे बारशीवरून, गावाचे नाव पडले असे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल हा प्रश्न निराळा. भागवताच्याच नवम स्कंधात ही कथा आहे : दुर्वासाच्या तपोबलाचा गर्व चक्राने उतरतो, आणि त्या चक्रापासून दुर्वासाची सुटका व्हावी म्हणून प्रार्थना करतो तो अंबरीषच. शत्रूच्या पराभवाने समाधान न पावणारा विजेता आमच्या लोकांना देवळाच्या दारातच भेटतो, एवढेच येथे नमूद करतो.

याचा अर्थ जुना फड केवळ नीतीवर चालत होता असा घेणे भाबडेपणाचे होईल. संस्थानिकांच्या पदरी मल्ल असत ते दरबाराच्या प्रतिष्ठेसाठी. राजर्षी शाहू छत्रपतींनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि त्यांच्या कारकीर्दीत, १९१२ पर्यंत, उभे राहिलेले खासबाग मैदान यांचे ऋण मोठे आहे. परंतु ‘आमच्या मल्लाला तोड नाही’ ही ईर्षा त्याही आश्रयात होतीच. पुढे संस्थाने गेली आणि किताब आले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. १९६१ मध्ये औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांनी महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला. वजनगट आणि गुण आले. पंचाच्या डोळ्याचे काम काही अंशी काट्याने घेतले. तथापि महाराष्ट्र केसरीत गादी व माती या दोन विभागांच्या विजेत्यांची शेवटची लढत लागते, आणि तेथे एकच गदा असते. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे निर्णयावरून वाद होऊन एका मल्लाने पंचास लाथ मारली, आणि त्या स्पर्धेतील वर्तनाबद्दल दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. जोड लावण्याची जबाबदारी जाऊन केवळ निकाल देण्याची उरली, की पंचाकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटते याचे हे उदाहरण मानता येईल.

आता चित्रपटांकडे वळू. ‘सुलतान’चा नायक जगज्जेता होतो, मत्त होतो, तो दूर असताना त्याचे नवजात मूल दुर्मिळ गटाच्या रक्ताअभावी दगावते, आणि मग तो रक्तपेढीसाठी झुंजतो. जेट ली यांच्या २००६ मधील ‘फिअरलेस’ या चित्रपटातही हाच सांगाडा आहे. त्याचा नायक हुओ युआनजिया (१८६८-१९१०) हा ऐतिहासिक पुरुष. शहरातील पहिला मल्ल होण्याच्या वेडात तो प्रतिस्पर्ध्याचा प्राण घेतो आणि सूडापायी त्याची आई व मुलगी मारली जाते, असे चित्रपट सांगतो. हुओच्या वंशजांनी या चित्रणास जाहीर आक्षेप घेतला. ‘दंगल’मध्ये गर्वाचा भाग सौम्य आहे, परंतु इतिहासाशी वर्तन तेच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाट यांनी ५५ किलो गटाची अंतिम लढत सहज जिंकली होती. पडद्यावर ती अखेरच्या क्षणी जिंकली जाते, आणि त्यासाठी पित्याला खोलीत कोंडणारा एक प्रशिक्षक कल्पावा लागतो.

हा फेरफार केवळ रंजनासाठी झाला असे मला वाटत नाही. फडाची नीती कुस्तीच्या आधी असते आणि ती सभेवर असते. चित्रपटाची नीती विजयानंतर, नायकाच्या हृदयात उगवते. ती उगवण्यासाठी पूर्वी त्याला उन्मत्त करावे लागते, मग शिक्षा म्हणून घरातील निरपराध माणूस मारावे लागते. उन्माद व शिक्षा इतिहासात नसतील तर त्या निर्माण करणे भाग पडते. आणि प्रायश्चित्त तरी कशाने? आणखी एका विजयाने! श्रेष्ठत्वाच्या हव्यासाचा निषेध करणारा चित्रपटही श्रेष्ठत्वावरच संपतो. बरोबरीत सोडविलेली कुस्ती त्याला परवडत नाही. फडात मात्र तासभर घटून बरोबरीत सुटलेल्या जोडीला लोकांनी मान दिल्याची उदाहरणे वृद्ध शौकीन आवडीने सांगतात.

या दृष्टीने खाशाबा जाधव यांच्यावरील चित्रपटाकडे अभ्यासकांनी लक्ष ठेवावे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२३ मध्ये त्याची घोषणा केली. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेट गटात तिसरे. पहिला आला जपानचा इशी, दुसरा सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह. या कथेत उन्माद नाही, कल्पित खलनायकाची गरज नाही, आणि अंतिम विजयही नाही. हेलसिंकीच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले असे सांगतात. पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून ते घर सोडविले, असेही सांगतात. त्या फडांत त्यांची जोड कोणाकोणाशी लागली, हे कराड-कोल्हापूरकडील जुन्या माणसांकडून वेळीच टिपून घेण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावयास हवे.