फोन अनलॉक आहे, तरी दुसऱ्या कंपनीचं सिम का चालत नाही? पोर्ट करण्याआधी घरच्या अंगणात हे तपासा

गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, आखातात कामाला असलेले सुट्टीवर येतात आणि घरात एखादा नवा, नाहीतर वापरलेला पण चांगला फोन येतो. फोन झकास असतो. पण घरातलं सिम टाकलं की कधी 'नो सर्व्हिस' दिसतं, कधी नेट चालतं पण कॉल लागत नाही, तर कधी पडद्यावर भलतीच पिन मागितली जाते. दुसरा प्रकार वाडीत नवा टॉवर उभा राहिल्यावरचा. रेंज चांगली म्हणून सगळे एकदम त्या कंपनीत पोर्ट करतात आणि काहींच्या लक्षात येतं, शेजाऱ्याच्या फोनला चार कांड्या आणि आपल्याला एकही नाही. एकदा नंबर पोर्ट झाला की पुढचे ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. तोपर्यंत बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग आणि रात्री-अपरात्री १०८ ला लावायचा फोन, सगळं त्याच एका सिमवर अडकतं.

'फोन अनलॉक आहे' हे वाक्य अर्धीच माहिती देतं. अनलॉक म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घ्यायला फोनची मनाई नाही, एवढंच. त्या कंपनीचा टॉवर त्या फोनला ऐकू येईल की नाही, ही वेगळी गोष्ट.

लॉक तीन प्रकारचे

मोबाईलच्या दुकानात 'लॉक' म्हटलं की दुकानदार पॅटर्न किंवा पासवर्ड समजतो. तो पडद्याचा लॉक, त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. दुसरा हप्त्याचा लॉक. कर्जावर घेतलेल्या काही फोनांत फायनान्स कंपनीचं ॲप असतं आणि हप्ता थकला की फोन बंद पडतो. असा फोन कुणी स्वस्तात विकत असेल तर घेऊ नये, हप्ते आधीच्या मालकाचे आणि त्रास आपल्याला. तिसरा नेटवर्कचा लॉक, आणि इथे विषय त्याचाच आहे.

भारतात दुकानातून घेतलेले बहुतेक स्मार्टफोन कुठल्याही कंपनीच्या सिमला मोकळे असतात. अपवाद कंपनीने स्वतःच्या नावावर विकलेल्या स्वस्त फोनांचा. २०१७ साली आलेला बटणांचा जिओफोन आणि २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत, हे दोन्ही फक्त जिओच्या सिमवर चालतात. घरातल्या आजीच्या हातात असा फोन असेल आणि तिचा नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचा असेल, तर फोनही बदलावा लागेल हे आधीच धरून चालावं. जुन्या लोकांना २००३ मधला ५०१ रुपयांत मिळणारा रिलायन्सचा फोन आठवत असेल. त्यात तर सिमच नसायचं, फोन आणि कंपनी एकच.

परदेशातल्या फोनांचं गणित देशागणिक बदलतं. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायला मनाई आहे. अमेरिकेत मात्र कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन सहसा लॉक असतो आणि तो त्याच कंपनीकडून, पैसे फिटल्यावर, मोकळा करून घ्यावा लागतो. हे काम तिकडे असतानाच करायचं, कारण खातं ज्याच्या नावावर आहे त्यालाच ते करता येतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलना सिमची खाचच नाही. ते फक्त ई-सिमवर चालतात. घेताना हे लक्षात आलं नाही तर गावात येऊन सिम कुठे घालायचं हाच प्रश्न पडतो. ई-सिम जिओ, एअरटेल आणि व्ही देतात, पण फोन बदलताना दरवेळी त्याची प्रक्रिया नव्याने करावी लागते. ज्याला दोन फोनांत सिम आलटून-पालटून वापरायची सवय आहे, त्याने हा फोन न घेतलेला बरा.

आखातातून येणारे सॅमसंगचे काही फोन प्रदेशाच्या लॉकचे असतात. खोक्यावर तसा स्टिकर असतो. फोन पहिल्यांदा तिथल्याच सिमवर सुरू करून त्यावरून किमान पाच मिनिटं बोलावं लागतं, मग तो कुठेही चालतो. म्हणून भावाला किंवा मुलाला फोन सीलबंद आणू नको, तिथेच सुरू करून, बोलून मग आण, असं सांगावं. सीलबंद खोकं दिसायला छान, पण इथे आल्यावर तेच डोकेदुखी होतं.

लॉक ओळखायला दुकानात जायला नको. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली 'कॅरियर लॉक' बघा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून फोन चालू करा. 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' मागितली तर फोन लॉक आहे. ही पिन अंदाजाने टाकत बसू नका. काही फोनांत ठरावीक वेळा चुकली की तो मार्ग कायमचा बंद होतो.

बाजारात रेंज, वाडीत शून्य

टॉवर आणि फोन वेगवेगळ्या लहरींवर बोलतात. त्या लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात. जिओचं ४जी आपल्याकडे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. फोनच्या माहितीत हे बँड ५, ३ आणि ४० असे लिहिलेले असतात. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० वर, म्हणजे बँड ८, ३, १ आणि ४० वर. व्हीचे बँड ८, ३, १ आणि ४१. बीएसएनएलच्या नव्या ४जी टॉवरसाठी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झ, म्हणजे बँड २८ आणि १ महत्त्वाचे.

यातली मेख अशी. आकडा लहान तितकी लहर लांब जाते, झाडी आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येते. आकडा मोठा तितकं नेट वेगवान, पण पल्ला कमी. तालुक्याच्या बाजारात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे तिथे १८०० आणि २३०० वर फोन सुसाट चालतो. डोंगराआडच्या वाडीत पोचते ती ७००, ८५० किंवा ९०० चीच लहर. परदेशासाठी बनवलेल्या स्वस्त फोनात हा लहान आकड्याचा बँड नसेल, तर बाजारातल्या दुकानात सिम टाकून 'चालतंय की' म्हणत घेतलेला फोन घरी आल्यावर मुका होतो. दुकानदाराने फसवलेलं नसतं, त्याच्या दुकानात तो खरंच चालत होता.

बीएसएनएलच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. जिथे कुठल्याच कंपनीचं ४जी पोचलेलं नाही अशा देशभरातल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजुरी दिली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. आपल्या दुर्गम वाडीत नव्याने उभा राहिलेला टॉवर अशा योजनेतला असू शकतो. त्याचा फायदा बँड २८ असलेल्या फोनला. जुन्या किंवा अमेरिकेसाठी बनवलेल्या अनेक फोनांत तो नसतो. शिवाय बीएसएनएलचं सिम फार जुनं, २जी-३जीच्या काळातलं असेल तर तेही ४जी सिमने बदलून घ्यावं लागतं. फोन चांगला, टॉवर चांगला, पण सिम दहा वर्षांपूर्वीचं, असाही घोळ होतो.

आपल्या फोनचे बँड बघायला सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' इथे मॉडेल नंबर मिळतो. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर शोधायचा. नुसतं फोनचं नाव पुरत नाही. एकाच नावाच्या फोनची भारतातली आणि अमेरिकेतली आवृत्ती वेगळी असते, बँडही वेगळे.

नेट आहे, कॉल नाही

याचं कारण बहुतेक वेळा व्होल्टी. ४जी वरून थेट आवाज नेण्याच्या सोयीचं हे नाव. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे २जी किंवा ३जी नाहीच, त्यामुळे फोनमध्ये जिओची व्होल्टी चालत नसेल तर नेट मिळेल पण साधा कॉल लागणार नाही. एअरटेल आणि व्हीचं २जी अजून आहे, तिथे व्होल्टी नसली तरी कॉल २जी वर उतरून लागतो. फक्त बोलणं चालू असताना नेट रखडतं. जिथे नुसता ४जी टॉवर आहे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, तिथे व्होल्टी नसलेला फोन बोलण्यासाठी निरुपयोगी. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'व्होल्टी' किंवा 'फोरजी कॉलिंग' असं बटण दिसतं का ते बघा. बटण बंद असेल तर चालू करा. बटणच नसेल तर फोन अपडेट करून पुन्हा बघा.

उलटा प्रकारही होतो, कॉल लागतो पण नेट नाही. मग बिघाड बहुधा एपीएनचा. नवं सिम टाकल्यावर ही सेटिंग आपोआप येते, परदेशी फोनात कधी येत नाही. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट नेम्स' उघडून नवीन एपीएन तयार करायचा. जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. बाकी रकाने रिकामे ठेवले तरी चालतात. सेव्ह करून फोन एकदा बंद-चालू करावा.

अर्ध्या तासाची परीक्षा

पोर्टचा मेसेज पाठवण्याआधी ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम शेजाऱ्याकडून किंवा भावकीतून अर्ध्या तासासाठी मागून आणा. ते आपल्या फोनात, पहिल्या खाचेत टाका, वायफाय बंद करा आणि परीक्षा घरीच घ्या. माजघरात, ओटीवर, गोठ्यात, जिथे फोन उचलायचा असतो तिथे. बाहेर कॉल लावा, बाहेरून येऊ द्या, एक एसएमएस पाठवा, एक व्हिडिओ बघा. जमलं तर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास बघा, तेव्हा सगळी वाडी नेटवर असते आणि टॉवरचा खरा कस लागतो. व्हॉट्सॲपने नवा नंबर वापरायचा का असं विचारलं तर 'नाही' म्हणा. ज्याचं सिम आणलंय त्याचं यूपीआय तेवढा वेळ अडू शकतं आणि सिम परत टाकल्यावर पुन्हा पडताळणी मागू शकतं, हे त्याला आधी सांगा. सिम मागायला संकोच वाटत असेल तर त्या कंपनीचं नवं सिम घेऊन महिनाभर दुसऱ्या खाचेत वापरून बघणं हा उत्तम मार्ग.

खरं तर डोंगराळ भागात पोर्ट करण्यापेक्षा दोन सिम ठेवणंच शहाणपणाचं. एक टॉवर पावसात बंद पडला तर दुसरा असतो. अडचण दोन रिचार्जच्या खर्चाची. नेट नको असलेल्या सिमवर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मारता येतो. असे पॅक ठेवणं ट्रायने डिसेंबर २०२४ च्या नियमाने सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. दुकानदार स्वतःहून सांगतोच असं नाही, विचारावं लागतं.

पोर्ट करताना

परीक्षेत फोन पास झाला, तर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. या एसएमएससाठी मोठं रिचार्ज मारायची सक्ती करता येत नाही, तसे आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये दिले आहेत. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. सिम हरवून किंवा बिघडून नवं घेतलं असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार त्यानंतर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही.

गावात पोर्ट अडतं ते बहुधा नावावरून. आईच्या फोनातलं सिम मुंबईतल्या मुलाच्या नावावर किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं. सिम ज्याच्या नावावर, त्यालाच आधार घेऊन समोर फोटो द्यावा लागतो. मुलगा येईपर्यंत थांबा किंवा आधी सिम आपल्या नावावर करून घ्या. त्याच सर्कलमध्ये पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो, म्हणून मुंबईचा नंबर गावी पोर्ट केला तर पाच.

जुन्या सिममधला शिल्लक बॅलन्स आणि पॅकचे उरलेले दिवस बुडतात, त्यामुळे पॅक संपत आला की अर्ज करावा. नंबर तोच राहतो, म्हणून आधार, बँक किंवा पीएम किसानला तो पुन्हा जोडायची गरज नाही. यूपीआय ॲप मात्र नवं सिम ओळखत नाही आणि पडताळणीसाठी त्या सिमवरून एसएमएस पाठवतं. पॅकमध्ये एसएमएस नसेल तर ती पडताळणी अडते आणि ॲप बिघडलं असं वाटतं.

वापरलेला फोन घेताना

फोन अनलॉक असला तरी चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर त्याला कुठल्याच कंपनीचं नेटवर्क मिळत नाही. '*#०६#' दाबलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत 'केवायएम' लिहून, जागा सोडून हा नंबर टाकून १४४२२ ला एसएमएस केला की फोनची स्थिती कळते. संचार साथीवरही हे बघता येतं. उत्तरात आलेलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळत नसेल तर पैसे देऊ नका.

लॉक असलेला फोन काही शे रुपयांत 'खोलून' देणारेही भेटतात. कोड टाकून लॉक काढणं वेगळं आणि सॉफ्टवेअर बदलताना आयएमईआयशी छेडछाड करणं वेगळं. दूरसंचार कायदा २०२३ नुसार या छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा दुरुस्तीतून परत आलेल्या फोनात '*#०६#' दाबून बघा आणि तो नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवूनच दुकानातून बाहेर पडा.